खाडिलकर, रोहिणी नीलकंठ

खाडिलकर, रोहिणी नीलकंठ : (१ एप्रिल १९६३ – ). आंतरराष्ट्रीय कीर्तीच्या भारतीय बुद्धिबळपटू, आशियाई महिला अजिंक्यपदाच्या मानकरी व मराठी पत्रकार. जन्म मुंबई येथे. वयाच्या तेराव्या वर्षी, म्हणजे १९७६ मध्ये, त्यांनी राष्ट्रीय महिला अजिंक्यपद मिळविले. त्याच वर्षी पुरुषांच्या राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत भाग घेणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. भारतात स्त्रियांची स्वतंत्र बुद्धिबळ स्पर्धा नुकतीच सुरू झाली असता, त्या स्पर्धेबाहेरचा पटही स्त्रियांना खुला असावा की नाही, हा प्रश्न त्यांच्या खेळामुळे उभा राहिला आणि जागतिक संघटनेच्या अध्यक्षांना त्यावर निर्णय द्यावा लागला. महाराष्ट्राच्या व भारताच्या बुद्धिबळाच्या इतिहासात त्यांचे स्थान प्रामुख्याने या घटनेमुळे निश्चित झाले आहे.

रोहिणी यांचे घराणे वृत्तपत्रव्यवसायातील आहे. नाटककार व केसरीचे एक संपादक कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर (१८७२–१९४८) यांनी १९२३ मध्ये मुंबईत नवाकाळ हे दैनिक सुरू केले. त्यांचे नातू नीलकंठ खाडिलकर हे पुढे या दैनिकाचे संपादक झाले. आपल्या अग्रलेखांमुळे ते मराठी वाचकांत ‘अग्रलेखांचे बादशहा’ म्हणून ओळखले जात. त्यांच्या वासंती, जयश्री व रोहिणी या तिन्ही कन्या बुद्धिबळात राष्ट्रीय अजिंक्यपदापर्यंत पोहोचल्या. एकाच घरातील तीन बहिणींनी एकामागून एक देशाचे अजिंक्यपद मिळविल्याचे उदाहरण भारतीय क्रीडाक्षेत्रात विरळाच आढळते.

या तीन बहिणींचा उदय ज्या पार्श्वभूमीवर झाला, ती थोडक्यात समजून घेणे आवश्यक आहे. बुद्धिबळाचा उगम भारतातील चतुरंग या खेळात झाला, हे मत सामान्यतः मान्य आहे [⟶ बुद्धिबळ]. महाराष्ट्रातही या खेळाची परंपरा जुनी आहे. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचा यूरोपीय पद्धतीच्या खेळावरील इंग्रजी ग्रंथ १८१४ मध्ये मुंबईत प्रसिद्ध झाला, यावरून देशी व यूरोपीय या दोन्ही पद्धतींचा परिचय येथील जाणकारांना एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच झाला होता, असे दिसते. तथापि घरोघरी खेळला जाणारा खेळ दीर्घकाळ देशी पद्धतीचाच राहिला. या पद्धतीत प्यादे पहिल्या खेळीतही एकच घर पुढे सरके. किल्लेकोट नसे, त्याऐवजी राजाला शह बसण्यापूर्वी एकदा घोड्याप्रमाणे उडी मारता येई. शेवटच्या घरात पोहोचलेले प्यादे ज्या मोहऱ्याच्या घरात पोहोचले त्या मोहऱ्याचे रूप घेई. आणि एका बाजूचा राजा एकटाच उरला म्हणजे डाव ‘बुर्जी’ होई. प्यादी सावकाश सरकत असल्यामुळे दोन्ही सैन्यांची गाठ उशिरा पडे. त्यामुळे या पद्धतीत वाढलेले खेळाडू डावाच्या मध्यात व अखेरीस कसलेले असले, तरी आंतरराष्ट्रीय पद्धतीतील प्रारंभांचा अभ्यास त्यांच्या वाट्याला आलेला नसे. जुन्या पिढीतील भारतीय खेळाडूंना आंतरराष्ट्रीय स्पर्धांत जी अडचण येई, तिचे हे एक प्रमुख कारण होय.

विसाव्या शतकात या खेळाला संघटित स्वरूप प्राप्त झाले. जागतिक बुद्धिबळ महासंघ (फिडे) १९२४ मध्ये पॅरिस येथे स्थापन झाला. भारतात सांगलीच्या नूतन बुद्धिबळ मंडळासारख्या संस्थांनी गावोगावच्या खेळाडूंना स्पर्धांची गोडी लावली; त्या कार्यात भाऊसाहेब पडसलगीकर यांचा वाटा मोठा होता. अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघाची स्थापना १९५१ मध्ये झाली व १९५५ मध्ये एलुरू (आंध्र प्रदेश) येथे पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा भरली. तीत मुंबईचे रामचंद्र सप्रे व आंध्रचे डी. वेंकय्या हे संयुक्त विजेते ठरले. मॅन्युएल एरन यांनी १९६१ मध्ये आंतरराष्ट्रीय मास्टर हा किताब मिळविला. तो मिळविणारे ते पहिले भारतीय होत.

स्त्रियांच्या बुद्धिबळाची वाटचाल याहून मंद होती. फिडेने १९२७ मध्ये लंडन येथे महिलांची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा घेतली व ती व्हेरा मेंचिक यांनी जिंकली. त्यानंतर सहा वर्षांनी, १९३३ मध्ये, सर उमर हयात खान यांच्या परिवारातील फातिमा या भारतीय स्त्रीने ब्रिटनचे महिला अजिंक्यपद मिळविले. त्याच वर्षी ब्रिटनचे खुले अजिंक्यपद याच परिवारातील मीर सुलतान खान यांनी जिंकले होते. परंतु हा परिवार भारतात परतल्यावर फातिमा यांचे नाव स्पर्धात्मक बुद्धिबळात पुन्हा आढळत नाही. त्यांच्यासाठी येथे स्पर्धाच नव्हती. भारतीय स्त्रियांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा त्या विजयानंतर एक्केचाळीस वर्षांनी, १९७४ मध्ये भरली. मधल्या काळात भारतातील किती स्त्रिया चांगला खेळ खेळत होत्या, हे सांगण्यास कोणतेही साधन नाही. कारण ज्या खेळाची नोंद होत नाही, त्याचा इतिहासही उरत नाही.

या पहिल्या राष्ट्रीय महिला स्पर्धेत वासंती खाडिलकर विजयी झाल्या. त्यानंतर जयश्री व रोहिणी यांनी हे पद मिळविले आणि स्पर्धेच्या पहिल्या दशकात ते खाडिलकर भगिनींकडेच राहिले. जयश्री यांना १९७९ मध्ये महिला आंतरराष्ट्रीय मास्टर हा किताब मिळाला; तो मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला होत. रोहिणी या तिघींत धाकट्या. त्यांनी राष्ट्रीय अजिंक्यपद सलग तीन वेळा मिळविण्याचा विक्रम प्रथम केला व एकूण पाच वेळा ते पद भूषविले.

रोहिणी यांच्या कारकीर्दीतील निर्णायक घटना १९७६ मध्ये घडली. त्यांनी त्या वर्षी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत प्रवेश घेतला. पुरुष खेळाडूंशी खेळताना त्यांनी गुजरात, महाराष्ट्र व पश्चिम बंगाल या राज्यांच्या अजिंक्यवीरांना पराभूत केले. एका तेरा वर्षांच्या मुलीने मिळविलेल्या या विजयांपेक्षाही, तिला या स्पर्धेत मुळात खेळू द्यावे काय, यावर अधिक वाद झाला. स्त्रियांसाठी वेगळी स्पर्धा असताना त्यांनी पुरुषांच्या स्पर्धेत येऊ नये, असे विरोधकांचे म्हणणे होते. हे प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले व तेथे निकाल रोहिणी यांच्या बाजूने लागला. प्रश्न फिडेकडेही गेला. फिडेचे तत्कालीन अध्यक्ष डॉ. मॅक्स यूव्हे हे नेदरलँड्सचे गणिताचे अध्यापक व १९३५ ते १९३७ या काळातील जगज्जेते होते. स्त्रियांना राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धांत भाग घेण्यास प्रतिबंध करता येणार नाही, असा निर्णय त्यांनी दिला.

या निर्णयाचे मर्म नीट लक्षात घेतले पाहिजे. धावणे, कुस्ती किंवा भारोत्तोलन यांत स्त्रीपुरुषांचे गट वेगळे ठेवण्यामागे शारीरिक बळाचे कारण असते. बुद्धिबळात तसे कारण नाही. पटावर मोहरे हलविण्यास लागणारे बळ सर्वांपाशी सारखेच असते. महिलांच्या वेगळ्या स्पर्धांचा हेतू प्रोत्साहनाचा होता. ज्या समाजात मुली घराबाहेर खेळावयास जात नसत, तेथे प्रारंभी अशी राखीव जागा आवश्यक होती; १९७४ ची स्पर्धा भरली नसती, तर खाडिलकर भगिनींचेही नाव पुढे आले नसते. परंतु तीच राखीव जागा स्त्रियांची एकमेव जागा ठरविली गेली, तर प्रोत्साहनाचे रूपांतर बंधनात होते. १९७६ चा वाद नेमका या सीमारेषेवरचा होता. महिलांची स्पर्धा ही एक जादा संधी होय, तिच्यामुळे खुल्या स्पर्धेवरील स्त्रीचा हक्क नष्ट होत नाही, असा अर्थ यूव्हे यांच्या निर्णयातून निघतो.

हा प्रश्न केवळ मानाचा नव्हता, हे गुणांकनाची पद्धत पाहिली असता कळून येते. फिडेने १९७० मध्ये प्राध्यापक आर्पाड एलो यांनी तयार केलेली गुणांकन पद्धत स्वीकारली. या पद्धतीत खेळाडूचे गुणांकन प्रतिस्पर्ध्याच्या गुणांकनावरून ठरते. प्रतिस्पर्ध्यांपेक्षा ज्याचे गुणांकन २०० अंकांनी अधिक आहे, त्याने सुमारे ७६ टक्के गुण मिळविणे अपेक्षित असते. तेवढे मिळविले, तर त्याचे गुणांकन जागच्या जागी राहते व त्याहून कमी मिळविले, तर ते घसरते. म्हणून दुबळ्या प्रतिस्पर्ध्यांशी कितीही डाव जिंकले, तरी गुणांकन फारसे वाढत नाही. ज्या खेळाडू केवळ आपसांतच खेळतात, त्यांचे गुणांकन इतरांपासून तुटलेल्या वर्तुळात फिरत राहते. फिडेलाही ही अडचण मान्य करावी लागली. जानेवारी १९८७ च्या यादीत हंगेरीच्या झुझा पोल्गार यांचा अपवाद वगळता सर्व महिला खेळाडूंच्या गुणांकनात १०० अंकांची वाढ करण्यात आली. स्त्रिया मुख्यतः आपसांतच खेळत असल्यामुळे त्यांचे अंक खऱ्या बळापेक्षा कमी राहिले आहेत, तर पोल्गार पुरुषांशी खेळत आल्यामुळे त्यांना ही वाढ लागू नाही, असे त्यामागील कारण देण्यात आले. हा उपाय विवाद्य ठरला. तथापि वेगळ्या पटाची किंमत स्त्रियांना कशी द्यावी लागत होती, याची ती एक प्रकारे कबुलीच होती.

किताबांच्या बाबतीतही हेच दिसते. ग्रँडमास्टर व आंतरराष्ट्रीय मास्टर हे किताब फिडेने १९५० मध्ये रीतसर देण्यास प्रारंभ केला. महिला आंतरराष्ट्रीय मास्टर हा किताबही त्याच वर्षीचा, तर महिला ग्रँडमास्टर हा किताब १९७६ मधील आहे. महिलांसाठी असलेल्या किताबांची पात्रता खुल्या किताबांपेक्षा बरीच खालची ठेवलेली आहे. आजच्या नियमांनुसार ग्रँडमास्टर होण्यासाठी २,५०० गुणांकन लागते, तर महिला ग्रँडमास्टर होण्यासाठी २,३०० पुरते. शिवाय खुल्या किताबासाठी ठरावीक संख्येने ग्रँडमास्टर ज्यांत खेळत आहेत, अशा स्पर्धांत विशिष्ट दर्जाची कामगिरी अनेकदा करून दाखवावी लागते. १९७० नंतरच्या दशकात भारतात एकही ग्रँडमास्टर नव्हता, परदेशी ग्रँडमास्टर येथे क्वचितच येत आणि परदेशी जाणे खर्चाचे होते. भारताचे पहिले ग्रँडमास्टर विश्वनाथन आनंद यांना हा किताब १९८८ मध्ये मिळाला. त्यांच्यानंतर दिब्येंदू बारुआ (१९९१) व महाराष्ट्राचे प्रवीण ठिपसे (१९९७) हे दोघे ग्रँडमास्टर झाले. १९९९ अखेरपर्यंत भारतात एवढेच तीन ग्रँडमास्टर होते. पुरुषांची ही स्थिती असताना, केवळ महिला स्पर्धांपुरते मर्यादित राहणाऱ्या खेळाडूला त्या किताबाचा मार्ग जवळजवळ बंदच होता. मोठ्या पटावर खेळण्याचा आग्रह धरण्यात रोहिणी यांनी या अडचणीचे मूळच हेरले होते, असे आज मागे वळून पाहताना म्हणता येते.

रोहिणी यांच्या आंतरराष्ट्रीय कारकीर्दीचा बहराचा काळ १९७८ ते १९८६ हा होय. महिलांचे ऑलिंपियाड हे देशादेशांतील सांघिक सामने १९५७ मध्ये एमेन (नेदरलँड्स) येथे सुरू झाले होते. ब्वेनस एअरीझ (१९७८), व्हॅलेटा (१९८०), ल्यूसर्न (१९८२) व थेसालोनिकी (१९८४) येथील ऑलिंपियाडांत रोहिणी भारताकडून खेळल्या. त्यांचे सर्वांत मोठे यश म्हणजे १९८१ मध्ये हैदराबाद येथे मिळविलेले आशियाई महिला अजिंक्यपद. या स्पर्धेत त्यांनी १२ पैकी ११½ गुण मिळविले. बुद्धिबळात विजयास एक व बरोबरीस अर्धा गुण असतो; म्हणजेच बारा डावांपैकी अकरा डाव त्यांनी जिंकले, एक डाव बरोबरीत सुटला व एकही गमावला नाही. दीर्घ स्पर्धेत असा गुणतक्ता केवळ चढाईच्या बळावर साधत नाही. प्रतिस्पर्धी बरोबरीवर समाधान मानण्यास तयार असतानाही डाव शेवटपर्यंत खेळत राहण्याची चिकाटी आणि जिंकत आलेला डाव हातचा न सोडण्याची दक्षता त्यासाठी लागते. त्याच वर्षी त्यांना महिला आंतरराष्ट्रीय मास्टर हा किताब मिळाला. क्वालालुंपुर येथे १९८३ मध्ये त्यांनी आशियाई अजिंक्यपद पुन्हा जिंकले.

महाराष्ट्र शासनाने १९७७ मध्ये शिवछत्रपती पुरस्कार देऊन व भारत शासनाने १९८० च्या अर्जुन पुरस्काराने त्यांचा गौरव केला. स्पर्धात्मक खेळातून निवृत्त झाल्यावर त्यांनी मुद्रणतंत्राचे शिक्षण घेतले व घराण्याच्या व्यवसायात प्रवेश केला. १९९८ मध्ये त्या संध्याकाळ या मराठी सायंदैनिकाच्या संपादक झाल्या. जयश्री यांनीही नवाकाळच्या संपादनाची धुरा सांभाळली. पटावर नाव मिळविलेल्या दोन बहिणींनी पुढे वृत्तपत्रांचे संपादन करावे, हाही या घराण्याचा एक विशेष होय.

खाडिलकर भगिनींच्या वर्चस्वानंतर महाराष्ट्रातील महिला बुद्धिबळ खंडित झाले नाही. मुंबईच्या भाग्यश्री साठे (विवाहानंतर ठिपसे) यांनी १९८५ पासून अनेकदा राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले व १९९१ मध्ये आशियाई अजिंक्यपदही जिंकले. सांगलीच्या स्वाती घाटे या महिला ग्रँडमास्टर झाल्या. पुण्याच्या सौम्या स्वामिनाथन यांनी २००९ ची मुलींची जागतिक कनिष्ठ गटातील स्पर्धा जिंकली. ज्या राज्यात १९७४ पूर्वी स्त्रियांच्या खेळाची दखल फारशी घेतली जात नव्हती, तेथे तीन दशकांत अशी अखंड मालिका निर्माण झाली.

खुल्या पटावरील हक्काचा प्रश्न मात्र यूव्हे यांच्या निर्णयाने एकदम मिटला नाही. सोव्हिएट जॉर्जियाच्या नोना गाप्रिंदाश्व्हिली या १९६२ ते १९७८ या काळात महिलांच्या जगज्जेत्या होत्या. लोन पाइन (अमेरिका) येथील १९७७ च्या खुल्या स्पर्धेत त्या संयुक्त पहिल्या आल्या व १९७८ मध्ये ग्रँडमास्टर हा खुला किताब मिळविणाऱ्या जगातील पहिल्या महिला ठरल्या. तरीही १९८६ मध्ये झुझा पोल्गार जागतिक अजिंक्यपदाच्या पात्रता फेरीत खेळण्यास पात्र असता, ती फेरी पुरुषांची असल्याचे सांगून त्यांना खेळू देण्यात आले नाही. त्यानंतर फिडेने स्पर्धेच्या नावातील ‘पुरुष’ हा शब्द काढून टाकला. मुंबईतील एका शाळकरी मुलीच्या निमित्ताने दहा वर्षांपूर्वी दिलेल्या निर्णयाची अंमलबजावणी अशी टप्प्याटप्प्याने व प्रत्येक वेळी कोणा ना कोणा खेळाडूच्या आग्रहामुळे होत गेली. १९९१ मध्ये झुझा यांनी व त्याच वर्षी त्यांची धाकटी बहीण युदित हिने ग्रँडमास्टर हा किताब मिळविला. युदित तर पुढे महिलांच्या अजिंक्यपद स्पर्धांपासून दूर राहून खुल्या स्पर्धांतच खेळत राहिली. हंगेरीतील या तीन पोल्गार बहिणींची—झुझा, झोफिया व युदित—भारतीय वाचकाला खाडिलकर भगिनींशी तुलना करण्याचा मोह होतो. दोन्ही घरांत बहिणी एकत्र वाढल्या व दोन्ही घरांनी वेगळ्या पटाची मर्यादा नाकारली. फरक होता तो परिस्थितीत : पोल्गार बहिणींभोवती ग्रँडमास्टरांनी गजबजलेले यूरोपीय बुद्धिबळ होते, खाडिलकर भगिनींभोवती ते नव्हते.

भारतात कोनेरू हंपी यांनी २००२ मध्ये वयाच्या पंधराव्या वर्षी ग्रँडमास्टर हा किताब मिळविला. हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला होत. त्यांच्यानंतर द्रोणवल्ली हारिका व आर. वैशाली या ग्रँडमास्टर झाल्या. चौथ्या दिव्या देशमुख या महाराष्ट्रातील नागपूरच्या. जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बटूमी येथे झालेल्या महिला विश्वचषक स्पर्धेच्या अंतिम लढतीत त्यांनी हंपी यांचा जलद डावांच्या निर्णायक फेरीत पराभव केला व या विजयाबरोबरच त्या ग्रँडमास्टर झाल्या. महाराष्ट्रातील स्त्रीला हा किताब मिळण्यास १९७६ पासून एकोणपन्नास वर्षे लागली. तो महिलांच्या स्पर्धेतील विजयामुळे मिळाला, हेही लक्षणीय आहे. राखीव पट व खुला पट हे परस्परविरोधी नसून योग्य नियमांखाली परस्परांना पूरक ठरू शकतात, असे यावरून दिसते.

रोहिणी खाडिलकर यांना ग्रँडमास्टर हा किताब मिळाला नाही. त्यांच्या काळी तो मिळविण्यास लागणाऱ्या स्पर्धा, प्रतिस्पर्धी व साधने भारतात उपलब्ध नव्हती. तथापि त्या किताबाकडे जाणारी वाट स्त्रियांना नियमाने मोकळी असली पाहिजे, हे तत्त्व भारतात त्यांच्यामुळे प्रस्थापित झाले. राष्ट्रीय व आशियाई पातळीवरील त्यांचे विजय पुढे इतरांनी गाठले व मागेही टाकले; १९७६ मध्ये त्यांनी मिळविलेला हक्क मात्र त्यांच्यानंतरच्या प्रत्येक भारतीय महिला खेळाडूच्या उपयोगी पडला आहे.